डॉ. आनंद कर्वे, 'आरती'चा बायोगॅस आणि मराठवाड्यातला कच्चा माल

गोदाकाठ

सौर पंप आणि छतावरच्या पॅनलवर इथं धाग्यांचा ढीग झालाय. स्वयंपाकाच्या इंधनावर मात्र फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा काढतोय. विषय डॉ. आनंद दिनकर कर्वे यांचं काम, आणि त्यातलं काय आपल्या आठ जिल्ह्यांत चालेल.

थोडक्यात ओळख. जन्म १९३६. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे नातू, इरावती आणि दिनकर कर्व्यांचे चिरंजीव. शिक्षण वनस्पतिशास्त्राचं, डॉक्टरेट जर्मनीत. पुढे फलटणच्या निंबकर संस्थेत करडईवर काम. १९९६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, म्हणजे 'आरती', उभी राहिली. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामाला २००२ चा आणि खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅसला २००६ चा अ‍ॅशडेन पुरस्कार (शाश्वत ऊर्जेच्या कामासाठीचा) लंडनमध्ये मिळाला. म्हणजे साठीत संस्था, सदुसष्टीत बायोगॅसची नवी मांडणी आणि सत्तरीत दुसरा पुरस्कार. ऊर्जेतला माणूस म्हटलं की आपण इंजिनिअर शोधतो. हे गृहस्थ पिकांच्या शरीरशास्त्राकडून चुलीकडे आले, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथंच आहे.

प्रश्न असे: (१) त्यांनी नेमकं काय वेगळं केलं? (२) ते यंत्र बांधायचं कसं आणि बिघडतं कुठं? (३) लातूर, जालना, हिंगोलीकडे त्याला खायला काय घालणार?

एक विनंती. 'आमच्या काकांकडे होता, बंद पडला' या आठवणी नकोत. का बंद पडला ते माहीत असेल तर लिहा.

---

बालाघाटी

पहिल्या प्रश्नावर.

बायोगॅस आपल्याकडे नवा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्ये मैल्याचा गॅस वापरात होता. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेलांनी तरंगत्या टाकीचा 'ग्रामलक्ष्मी' काढला, साठच्या दशकात खादी ग्रामोद्योगाने तोच उचलला, आणि १९८४ मध्ये घुमटाचा 'दीनबंधू' आला. टाकी, घुमट, विटा, सिमेंट सगळं बदलत गेलं. शेण तेवढं कुणी बदललं नाही.

कर्व्यांनी हात घातला तो नेमका तिथं. मिथेन म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू. तो करणारे जिवाणू येतात जनावराच्या पोटातून. गाय रवंथ करताना ढेकरेतून मिथेन सोडते, म्हणजे गॅस तयार होतोय तो वैरणीवर आणि पेंडीवर. पचायला सोपं ते सगळं गाईने आणि तिच्या पोटातल्या जिवाणूंनी खाऊन झाल्यावर जे उरतं ते शेण. त्यात मुख्यतः लिग्निनमध्ये अडकलेला काष्ठमय भाग. आपण जिवाणूंना पंगत उठल्यावरची पत्रावळ चाटायला देतो आणि चाळीस दिवस वाट बघतो.

त्यांचं म्हणणं, जिवाणूंना जनावराचंच खाणं द्या: पिष्ट, साखर, प्रथिनं. शेण फक्त सुरुवातीला, विरजण म्हणून. 'आरती'ने मांडलेला आकडा असा: पिष्टमय किंवा साखरेचा माल २ किलो घातला की साधारण ५०० ग्रॅम मिथेन, तेही एक-दोन दिवसांत. तेवढ्याच गॅसला शेण लागतं ४० किलो, आणि मुक्काम ४० दिवसांचा. मुक्काम घटला की टाकी घटते. म्हणून खड्डा आणि गवंडी गेले, पाण्याच्या प्लास्टिक टाक्यांवर काम भागलं, आणि गोठा नसलेल्या घराचाही बायोगॅसशी संबंध आला.

---

चिंचोका

बालाघाटी, मांडणी झकास. पण '२ किलो' या आकड्याने पुष्कळांची फसगत झालीय, म्हणून मध्ये बोलतो.

ते २ किलो कोरडे आहेत. गणित घरी करून बघा. पिष्टाचा रेणू तोडला की १ किलो कोरड्या पिष्टातून जास्तीत जास्त २९५ ग्रॅमच्या आसपास मिथेन निघू शकतो, २ किलोला ५९० ग्रॅम. प्रत्यक्षात ८०-८५ टक्के हाती लागला तर ५०० ग्रॅम. आकडा खरा आहे, फक्त तो पिठाचा आहे. शिजलेल्या भातात सत्तर टक्के पाणीच. उरलेला भात, वरण, भाजी असं मिश्र खरकटं असेल तर २ किलो कोरड्यासाठी ६ ते ८ किलो ओला माल लागेल, रोज.

आता सांगा, खेड्यातल्या कुठल्या घरात रोज सहा किलो अन्न उरतं? शिळी भाकरी म्हशीला, वरणाचं पाणी कुत्र्याला. घरटी एक संयंत्र हे स्वप्न आपल्याकडे टिकत नाही ते यामुळे. टाकी फुटली म्हणून नाही, पोट भरलं नाही म्हणून बंद पडतात. भाजीच्या देठांवर आणि कांद्याच्या टरफलांवर चालवायला गेलं की चहापुरता गॅस मिळतो आणि मग तंत्रज्ञानाला शिव्या.

तुलनेसाठी: १४.२ किलोचं सिलिंडर महिनाभर पुरत असेल तर रोजचा वापर ४७० ग्रॅम. मिथेन वजनाला एलपीजीपेक्षा किंचित जास्तच उष्णता देतो. म्हणजे ५०० ग्रॅम मिथेन म्हणजे एका घराचा पूर्ण दिवस. त्यातून किती भागेल हे आपापल्या खरकट्याच्या वजनावर ठरवा, आणि वजन काट्यावर करा, अंदाजाने नको.



---

तुराटी

प्रश्न दोन, बांधणी. दोन काळ्या टाक्या: खालची १००० लिटर, वरची उलटी ७५० लिटर. दोन्हींची तोंडाकडची बाजू करवतीने कापून उघडी करायची.

टाक्या घेताना लिटर बघू नका, व्यास बघा. कंपनीगणिक उंची-रुंदी बदलते. दुकानात टेप घेऊन जा. आतली आणि बाहेरची यांच्यात चारी बाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर फट हवी. त्याहून कमी असेल तर उन्हात प्लास्टिक फुगून टाकी अडकते, जास्त असेल तर काय होतं ते खाली लिहितो.

खालच्या टाकीला तीन जागा.

घालायचा पाइप ४ इंची पीव्हीसी, टाकीच्या बाहेरून तिरका, आतलं तोंड तळापासून वीत-दीड वीत वर. बाहेरचं तोंड आतल्या द्रवाच्या पातळीपेक्षा वर, त्यावर नरसाळं. इथं ९० अंशाचा एल्बो लावू नका, ४५ चा लावा. भाताचा गोळा एल्बोतच अडकतो, मग बांबू घालून ढोसत बसा.

बाहेर पडायचा पाइप अडीच इंची, काठापासून चार बोटं खाली. त्याचं आतलं टोक टाकीच्या मध्यापर्यंत खाली न्या, नाहीतर वर तरंगणारा न पचलेला मालच आधी वाहून जातो.

तळाशी दोन इंची व्हॉल्व्ह, गाळ काढायला. हा बहुतेक जण वाचवतात आणि दीड-दोन वर्षांनी पस्तावतात, कारण तळाला वाळू, राख, अंड्याची टरफलं साचतात.

वरच्या टाकीच्या माथ्यावर अर्धा इंची टँक निपल, दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर, मग बॉल व्हॉल्व्ह. तिथून नळी चुलीकडे. नळीला सतत उतार ठेवा आणि सगळ्यात खालच्या जागी टी लावून खाली पाणी साचायला बाटली. गॅस ओला असतो. थंडीत नळीच्या झोळात पाणी साचलं की ज्योत फुरफुरते, आणि लोक समजतात गॅस संपला.

दाब. उलट्या टाकीचा व्यास ९० सेंमी धरला तर क्षेत्रफळ ०.६४ चौरस मीटर. पाण्याच्या एक सेंमी दाबाला साधारण साडेसहा किलो वजन लागतं. रिकामी टाकी १८ किलोची असेल तर दाब जेमतेम पावणेतीन सेंमी. बायोगॅसच्या चुलीला ८ च्या आसपास हवा, म्हणजे वर अजून ३२-३३ किलो ठेवायला लागतं. दगड ठेवू नका, टाकी कलंडते. वाळूच्या चार पिशव्या समान वजनाच्या, चार बाजूंना.

चूल. एलपीजीची शेगडी तशीच लावली तर पेटत नाही. तिच्या जेटचं भोक पाऊण मिलिमीटरच्या आसपास, दाब ३० सेंमीचा. आपला दाब पावपट आणि गॅसमध्ये जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड. भोक २ मिलिमीटरच्या ड्रिलने मोठं करा, हवेची खिडकी अर्ध्याहून जास्त झाका, मग ज्योत निळी होईपर्यंत थोडी थोडी उघडा. ज्योत बर्नरवरून उडत असेल तर हवा जास्त आहे. पिवळी, काजळी धरणारी असेल तर कमी.

सडक्या अंड्याचा वास येत असेल तर नळीत फूटभर पाइप जोडून त्यात लेथवरचा गंजलेला लोखंडी कीस भरा. हायड्रोजन सल्फाइड गंजाला धरून बसतो. कीस काळा पडला की बाहेर काढून उन्हात पसरा, हवेने पुन्हा तांबूस होतो. मात्र घरात नाही आणि ढीग करून नाही. तो तापतो.

---

मांजराकाठ

तुराटी भाऊ, लई बारकाईनं लिवलंय. आमच्याकडं दोघातिघांनी टाक्या बसवल्या, पण गॅस जळंनाच. टाकी वर येतीय, काडी लावली की विझतीय. काय चुकायलंय?

---

शेणकाला

मांजराकाठ, टाकी वर येते म्हणजे गॅस होतोय. तो जळत नाही म्हणजे त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आहे, मिथेन कमी. दोन शक्यता.

एक, संयंत्र नवं आहे. पहिल्या टाकीभर गॅसमध्ये हवा आणि कार्बन डायऑक्साइडच असतो. तो उघड्यावर सोडून द्यायचा, दोन वेळा. आणि टाकीच्या तोंडाशी काडी लावून बघायची सवय कृपा करून मोडा. हवा आणि मिथेन ठरावीक प्रमाणात मिसळले की भडका उडतो. परीक्षा घ्यायची ती दहा-पंधरा फूट नळी लांब नेऊन, चुलीवरच.

दुसरी शक्यता जास्त दिसते: टाकी आंबली. अन्नाचं आम्ल करणारे जिवाणू तासातासाला वाढतात, आम्लाचा मिथेन करणारे वाढायला दिवस घेतात. पहिल्याच आठवड्यात बादलीभर भात ओतला की आम्ल साचतं, सामू (आम्लतेचं माप, पीएच) ६.५ च्या खाली जातो, आणि मिथेनवाले झोपतात. ओळखायची खूण: बाहेर पडणाऱ्या पाण्याला शिर्क्यासारखा आंबूस, नाकात जाणारा वास. निरोगी टाकीच्या पाण्याला ओल्या मातीचा, फार तर शेणाचा वास येतो.

उपाय: खाणं पूर्ण बंद, पाच ते आठ दिवस. सामू मोजायची कागदी पट्टी आणा. मध्ये रोज बादलीभर ताजा शेणकाला, काडीकचरा गाळून. फारच घसरला असेल तर खायचा सोडा पाव किलो कोमट पाण्यात विरघळवून दोन दिवसांत अर्धा अर्धा. चुन्याची निवळीही चालते, पण चुना एकदम ओतला तर तो कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि खडूसारखा तळाला बसतो. सामू ६.८ ते ७.५ मध्ये आला, ज्योत धरायला लागली की मगच पुढे.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी असं करा. ८० ते १०० किलो ताजं शेण पाण्यात कालवून, गाळून टाकी भरा. उन्हाळ्यात दहा दिवस, डिसेंबरात तीन आठवडे हात लावू नका. गॅस जळायला लागला की रोज २०० ग्रॅम पीठ ताकासारखं पातळ करून. चार-पाच दिवसांनी २०० ग्रॅम वाढवा. २ किलोपर्यंत पोचायला महिना-सव्वा महिना लागतो, तो लागू द्या.

नुसत्या पिठावर कायम चालवलं तर नत्र कमी पडतं. आठवड्यातून एकदा शेणकाला नाहीतर गोमूत्र बादलीभर, की भागतं.

पाण्याचं बोलायला हवं, कारण आपल्याकडे मार्चपासून टँकर. खाणं कालवायला नवं पाणी घेऊ नका. बाहेर पडलेलं पाणीच गाळून पुन्हा वापरा. त्यात जिवाणू असतात, सामू सावरायची ताकदही असते. मात्र मिठाची भर पडत राहते, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी थोडं बदलायचं. काढलेलं पाणी चौपट पातळ करून झाडांना.

---

लिंबोणी

जालना-पैठण पट्ट्यात मोसंबीची फळगळ ढिगाने होते. बांधावर सडते आणि माशा होतात. साखर आहेच तिच्यात. ती घातली तर?

---

शेणकाला

सालीसकट अजिबात नको. सालीतल्या तेलात लिमोनीन असतं आणि ते मिथेनच्या जिवाणूंना विष आहे. चार दिवस गॅस चांगला येतो आणि मग टाकी गप्प होते, कारण तेल हळूहळू साठत जातं. ज्यूसवाल्याकडचा चोथाही सालीशिवाय असेल तरच, तोही एकूण खाण्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आत आणि शेणकाल्याबरोबर. गर आंबट असतो, त्यामुळे सामूवर डोळा ठेवा.

त्यापेक्षा आपल्याकडे उत्तम माल म्हणजे परतीच्या पावसात काळी पडलेली ज्वारी, किडलेलं धान्य, गिरणीतलं झाडलोटीचं पीठ, आंब्याच्या कोयीतला गर, चिंचोक्याचं पीठ. अर्धापूर-वसमतकडे केळीचे कांदे. खणून, किसून घातले तर पिष्ट भरपूर, फक्त माती धुऊन घ्या. 'आरती'च्या मूळ यादीतसुद्धा खराब धान्य, कंद आणि न खाण्याच्या बिया आहेत. लोकांनी त्याचं नुसतं 'किचन वेस्ट' करून टाकलं.

---

चिंचोका

माझं नाव घेऊन माझंच पीठ करताय. +१.

---

बालाघाटी

तुराटींनी फटीचा विषय अर्धवट सोडला, तो पुरा करतो. बाहेरची टाकी १०५ सेंमी आणि आतली ९० असेल तर उघडं राहिलेलं वर्तुळ एकूण क्षेत्रफळाच्या २६-२७ टक्के. खालून येणारे बुडबुडे सगळीकडे सारखे येतात असं धरलं तर चौथाई गॅस फटीतून हवेत. बाहेरची ९५ घेतली की तोटा दहा टक्क्यांवर येतो. नुसता तोटाच नाही. मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पटींच्या आसपास तापवतो. स्वच्छ ऊर्जेच्या नावाखाली गळका बायोगॅस चालवणं म्हणजे उलटा धंदा.

साधी तोड: आतल्या टाकीच्या खाली, बाहेरच्या टाकीच्या भिंतीला आतून जुन्या टायर-ट्यूबच्या पट्टीची तिरकी कड बसवायची. बुडबुडे तिला अडकून आत सरकतात.

---

गोदाकाठ

आभार सगळ्यांचे. आता पाचट-कोळशाकडे येऊ. पुरस्कार तर आधी त्याला मिळाला, पण आपल्याकडे त्याबद्दल कुणी बोलत नाही.

---

तुराटी

कारण तो घामाचा धंदा आहे. त्या प्रकल्पाचं नेतृत्व डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनी केलं. त्या भौतिकशास्त्राच्या. पुढे त्यांनी पुण्यात समुचित एन्व्हायरो टेक ही कंपनी काढली.

भट्टीची युक्ती अशी. मोठ्या पिंपात लहान डबे. डब्यांत पाचट ठासून, तोंड सैल झाकून उलटे ठेवायचे. पिंपात खाली थोडं पाचट पेटवायचं. डबे तापले की आतल्या पाचटातून जळाऊ वाफा निघतात, डब्याच्या तोंडातून बाहेर येऊन तिथंच पेटतात आणि तीच उष्णता पुढचं काम करते. तोंडाशी ज्योत मंदावली की काम झालं. उघड्या भट्टीचा पांढरा धूर इथं जळून जातो, हा मोठा फायदा.

शंभर किलो कोरड्या पाचटातून वीस-पंचवीस किलो भुकटी. पाचट ओलसर असेल तर निम्मं सरपण पाणी उडवण्यातच जातं. मुठीत चुरगळलं की कडकड मोडलं पाहिजे.

भुकटीला खळ: मैदा किंवा साबुदाण्याच्या चुऱ्याची, शिजवून पारदर्शक झालेली. १०० किलो भुकटीला ५ ते ८ किलो पीठ. शेणानेही बांधता येतं, पण राख वाढते. मळून यंत्रातून कांड्या काढायच्या, तीन-चार दिवस उन्हात. वरून वाळल्या आणि आत ओल राहिली की पेटताना तडकतात, धूर देतात. एक कांडी मध्ये मोडून जिभेला लावून बघा, गार लागली तर अजून ओली.

दोन धोके. डबे गरम असताना उघडले की भुकटीला हवा लागून ती पुन्हा पेटते. रात्रभर झाकून, कडा मातीने लिंपून ठेवा. दुसरा, जळतानाचा कार्बन मोनॉक्साइड. कोळशाला धूर नसतो म्हणून लोक बंद खोलीत शेगडी ठेवतात. माणूस झोपेतच जातो.

याच कांड्यांसाठी 'आरती'ने सराई कुकर काढला. वाफेवर भात-वरण-भाजी, पाच माणसांचं, साधारण १०० ग्रॅम कोळशात. कोळसा कमी लागतो तो शेगडीच्या जादूमुळे नाही. उकळी आल्यावर उष्णता बाहेर जाऊ न देणारं दुहेरी भांडं, ही खरी युक्ती.

---

मांजराकाठ

पाचट जाळू नका म्हणून कृषी विभाग बोंबलतोय, खोडव्यात पाचट कुट्टी करून ठिवा म्हणतोय. मग कोळसा कशाचा करायचा?

---

तुराटी

दादा, बरोबर बोललात. आपल्या पाण्याच्या रडकथेत पाचट सरीत राहिलेलंच बरं, ओल धरतं. माझ्या मते मराठवाड्यात कोळसा पाचटाचा करूच नये. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा करावा. तिच्यात आणि वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते, त्यामुळे शेताबाहेर काढायचीच असते आणि आज बांधावर पेटवून दिली जाते. तुराट्याही चालतील, पण त्यांना कूड आणि सरपण म्हणून घरातच गिऱ्हाईक आहे. सोयाबीनची गुळी जनावरं खातात, तिच्या वाटेला जाऊ नका.

पऱ्हाटी लाकडासारखी, म्हणून तिचा कोळसा तुकड्यांत मिळतो. थोडाच चुरा कांड्यांना लागतो. डबे नसतील तर शंकूच्या आकाराचा खड्डा: वर दीड मीटर रुंद, खोली ७५-८० सेंमी. तळाला जाळ करून पातळ थर टाकत जायचं. वरच्या थरावर राखाडी झाक दिसली की पुढचा थर. वरची ज्योत खालच्याला हवा पोचू देत नाही. खड्डा भरला की पाणी किंवा माती. घाईने जाड थर टाकला की धूर, उशीर केला की राख.

अडचण वाहतुकीची. सैल पऱ्हाटी घनमीटरला ४०-५० किलो भरते. ट्रॉली गच्च दिसते, काट्यावर पाच-सहा क्विंटल. डिझेल त्यातच जातं. म्हणून भट्टी शेतात न्या, माल भट्टीकडे नको. कर्व्यांच्या भट्टीचा आकार लहान होता तो याच हिशोबाने.

---

चिंचोका

आता मूळ धाग्यावर, कारकीर्दीवर एक आक्षेप. पुरस्कार मिळाले, नाव झालं, पण यातून मोठी कंपनी का उभी राहिली नाही? त्याच काळात पवनचक्क्यांतून कोट्यवधींचे उद्योग झाले.

---

बालाघाटी

कारण विकायला काय आहे ते बघा. टाकी बाजारात मिळते, पाइप बाजारात मिळतो, जोडणी गावातला प्लंबर करतो. शोध आहे तो खाण्यातला, आणि तो एका वाक्यात सांगता येतो. पवनचक्की विकत घ्यावीच लागते, हे ऐकून करता येतं. 'आरती' संस्था म्हणूनच राहिली. लहान उद्योजकांना प्रशिक्षण देणं, सुधारित चुलींसाठी कुंभारांच्या हाती साचे देणं हा तिचा मार्ग. फलटणला डॉ. अनिल राजवंशींनी उसाच्या पाल्यावरचा गॅसिफायर (पाला अर्धवट जाळून जळाऊ वायू करणारं यंत्र) केला, गोड ज्वारीच्या इथेनॉलवर कंदील आणि चूल केली. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, पण तिथंही कारखानदारी झाली नाही.

धंदा करायचाच तर टाकी विकू नका, खरकटं उचला. लातूरच्या शिकवणी पट्ट्यातल्या मेस बघा. एका मेसमध्ये रोज २० किलो शिजलेलं उरतं असं धरू. कोरडं साडेपाच किलो. ८० टक्के मिळकत धरली तर १.३ किलो मिथेन, म्हणजे एलपीजी १.४ किलो. व्यावसायिक १९ किलोचं सिलिंडर तेरा-चौदा दिवसांनी एक वाचतं. त्याला ३ घनमीटरची टाकी लागेल. गॅस दिवसाला साडेतीन घनमीटरच्या पुढे जाईल, म्हणून सकाळ-संध्याकाळ वापरला तरी साठवण २ घनमीटर हवी. नाहीतर जास्तीचा गॅस कडेने निसटतो.

मेसवाल्याला गॅसपेक्षा रोजची देखभाल जड जाते. भांडी घासलेलं साबणाचं पाणी टाकीत सोडतात आणि जिवाणू मरतात. तर्री ओततात, तेलाचा थर वर जमतो आणि टाकी तुंबते. हाडं, लिंबाच्या फोडी, अंड्याची टरफलं वेगळी काढत नाहीत. म्हणून करार असा: टाकी तुमची, माणूस तुमचा, मेसने फक्त तीन बादल्या ठेवायच्या आणि गॅसचे मासिक पैसे द्यायचे. दोन किलोमीटरच्या आत आठ-दहा मेस असतील तर एक माणूस सायकलवर सांभाळतो. मे महिन्यात पोरं गावी जातात, तेव्हा टाक्या उपाशी ठेवायच्या. जिवाणू महिना-दीड महिना तग धरतात. जूनमध्ये पुन्हा नेहमीच्या चौथाई खाण्यापासून सुरुवात.

---

लिंबोणी

मंगल कार्यालयं?

---

बालाघाटी

एक दिवस तीनशे किलो, मग चार दिवस काही नाही. उपासानंतर असं एकदम जेवण पडलं की टाकी आंबते. पण एप्रिल-मेच्या लग्नसराईत ४२ अंशांचं ऊन फुकट आहे. भात आणि पोळ्या पत्र्यावर पातळ पसरून दोन दिवसांत खडखडीत वाळतात. भरडून पोत्यात ठेवा, मोजून घाला. वाळलेला १ किलो भात म्हणजे ओला तीन किलोच्या आसपास. उंदरांपासून जपा. मठ्ठा आणि जिलबीचा पाक वाळत नाही, तो झाकणाच्या ड्रममध्ये, रोज अर्धा लिटरच्या पुढे नको.

---

मांजराकाठ

सोडा घालून, आठ दिस उपास धरून बघितला. ज्योत धराय लागलीय, निळी हाय, पण टाकी रात्री वर आलेली सकाळच्याला खाली बसलेली असतीय. गॅस कुणी वापरलेला नाही.

---

तुराटी

गळती आहे, बहुतेक माथ्यावरच्या निपलला. उन्हाने वॉशर चपटा होतो. व्हॉल्व्ह बंद करून साबणाचा फेस निपलभोवती, व्हॉल्व्हच्या दांड्याला आणि नळीच्या क्लॅम्पला लावा. बुडबुडा येईल तिथं टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे आणि नवा वॉशर. फेस कुठंच फुगला नाही तर टाकी कलंडली असेल, एका बाजूची कड पाण्याबाहेर येऊन गॅस तिथून निसटतो. वाळूच्या पिशव्या वजन करून पुन्हा मांडा. काडी लावून गळती शोधू नका.